दात कोरून पोट भरत नाही, पण दात राहतात

“दात कोरून पोट भरत नाही” अशी एक म्हण आपल्याकडे आहे. फुटकळ काटकसरीने संसार चालत नाही, असा तिचा अर्थ. म्हणीशी आमचे भांडण नाही. परंतु शब्दशः पाहिले तर दातांमधल्या फटी रोज नीट साफ केल्याने ज्या दातांच्या बळावर आपण पोट भरतो ते दात उतारवयापर्यंत जागेवर राहतात, हेही तितकेच खरे आहे. कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांच्या पंक्तीत दातांवरचा लेख पाहून काही मित्र दात काढतील. त्यांनी ते जरूर काढावेत. काढण्यासाठी ते शिल्लक राहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण सकाळी ब्रश करतात. काहीजण रात्रीही करतात. तरीसुद्धा ब्रश करताना थुंकीत लालसर छटा दिसणे, सफरचंद किंवा पेरू चावला की त्यावर रक्ताचा डाग उमटणे, सकाळी तोंडाला वास येणे, ही लक्षणे वसतिगृहातल्या कोणत्याही खोलीत सापडतील. त्यावर आपण उपाय काय करतो? ज्या ठिकाणी रक्त येते त्या ठिकाणी ब्रश फिरवणे बंद करतो. “हिरडी नाजूक आहे, तिला त्रास नको” असे स्वतःची समजूत घालून सांगतो. नेमकी येथेच चूक होते. निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही. रक्त येते ते बहुधा तेथे घाण साचून सूज आली आहे म्हणून. तेव्हा ती जागा सोडून देणे म्हणजे गळणाऱ्या छपराखालून खाट सरकवून झोपण्यासारखे आहे.

ब्रश कोठे पोचत नाही?

प्रत्येक दाताला पाच बाजू असतात. एक बाहेरची, म्हणजे ओठ-गालाकडची; एक आतली, जिभेकडची; एक चावण्याची; आणि दोन बाजू शेजारच्या दातांना लागून असलेल्या. ब्रश पहिल्या तीन बाजूंवर फिरतो. उरलेल्या दोन बाजूंपर्यंत त्याचे केस पोचत नाहीत, कारण शेजारी-शेजारी असलेले दात एकमेकांना टेकलेले असतात. दोन्ही जबड्यांत मिळून ३२ दात असतील तर अशा ३० फटी होतात. अक्कलदाढा नसलेल्या, २८ दातांच्या माणसाला २६. म्हणजे रोज मन लावून ब्रश करणाराही प्रत्येक दाताच्या पाचपैकी दोन बाजू जवळजवळ न धुताच ठेवतो. भांडे बाहेरून लखलखीत घासावे आणि आतून तसेच मांडणीवर ठेवावे, तसा हा प्रकार.

ही गोष्ट आजची नाही. हॉलंडमधील लेव्हेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्याला भिंगे घासण्याचा छंद होता. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी आणि जेवणानंतर दात कोरी. आपल्या आजोबांची पद्धतही काही वेगळी नव्हती. तरीही दाढांच्या मध्ये पांढरट, ओल्या पिठासारखे काहीतरी साचते असे त्याच्या लक्षात आले. ते त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून आपल्या भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. १६८३ साली त्याने ही हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. जिवाणू पाहिल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक असून ती दातांच्या फटीतून आलेली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फटीत काय घडते?

दात घासल्यावर थोड्याच वेळात त्यावर लाळेतील द्रव्यांचा एक पातळ पापुद्रा बसतो. त्यावर जिवाणू येऊन चिकटतात, वाढतात आणि त्यांचा एक बुळबुळीत थर तयार होतो. त्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. हा थर चूळ भरून जात नाही. तो घासूनच काढावा लागतो. काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसून काही दिवसांत तो दगडासारखा टणक होतो. हेच आपल्या ओळखीचे कीटण. कीटण एकदा बसले की ते ब्रशाने निघत नाही, दोऱ्यानेही निघत नाही. ते दवाखान्यातच काढावे लागते.

हिरडीच्या कडेला हा थर राहिला की शरीर त्याच्याशी लढू लागते. तेथे रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल होते, सुजते, जरा स्पर्श झाला की रक्त येते. ही पहिली पायरी. येथपर्यंतचा आजार पूर्णपणे परतवता येतो. दुसऱ्या पायरीवर सूज खाली उतरते, दात आणि हिरडी यांच्यातील खाच खोल होऊन खिसा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच लोक पायरिया म्हणतात. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. शेवटी न किडलेला, वरून धडधाकट दिसणारा दात हलू लागतो आणि एक दिवस पडतो. हे सर्व बहुतेक वेळा न दुखता चालते, म्हणून तर त्याचा धोका मोठा. किडलेला दात ओरडून सांगतो. हिरडी मात्र निमूटपणे जाते.

पहिली पायरी किती लवकर येते आणि किती लवकर परतवता येते, याचा पुरावा आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांनी दिलेला आहे. १९६५ साली हारॉल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी त्यात भाग घेतला. त्यांतील बहुतेक दंतवैद्यकाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यांनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबवले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट स्वच्छता सुरू केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. घाण साचू दिली तेव्हा आजार आला, घाण काढली तेव्हा गेला.

यावर कोणी म्हणेल, “आमचे अमुक काका कधी दात घासत नव्हते, पण ऊस सोलून खात.” असे काका असतात, हे खरे. लोए यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांचा १९७० पासून १५ वर्षे अभ्यास केला. त्या मजुरांना दंतवैद्याची सोय मिळालेली नव्हती आणि दात घासण्याची सवयही नव्हती. त्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची तक्रार हिरडीच्या सुजेपलीकडे गेली नाही; ८१ टक्के लोकांत दातांचा आधार मध्यम गतीने झिजत गेला आणि ८ टक्के लोकांत तो झपाट्याने गेला. म्हणजे ते भाग्यवान काका शंभरातले अकरा. आपण त्या अकरांतले आहोत की उरलेल्या एकोणनव्वदांतले, हे दात पडेपर्यंत कळत नाही. अशा पैजेत कोणी शहाण्याने पडू नये.

आपल्या देशाचे चित्रही पाहू. दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांच्या सुमारे ६८ टक्के मुलांत, तर ३५ ते ४४ या वयोगटातील सुमारे ९० टक्के लोकांत हिरड्यांचा सौम्य किंवा गंभीर विकार आढळला. पस्तीस ते चव्वेचाळीस हे आपल्या आई-वडिलांचे वय, आपल्या बऱ्याच प्राध्यापकांचेही. आर्वी, देवळी, सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही गावी असे बोलणे ऐकू येईल:

“माय, दात हालून राह्यला का तुमचा?”

“आता हालन नाही तर काय बाप्पा! वय झालं आता.”

ही माय बहुधा अजून पन्नाशीचीही नसते. “वय झालं” हे उत्तर आपण इतक्या सहज स्वीकारतो, की त्यामागे एक टाळता येण्याजोगा आजार आहे हे मनातही येत नाही. वयाने केस पांढरे होतात, डोळ्यांना चाळिशी लागते; पण निरोगी हिरडीतला दात केवळ वयामुळे पडत नाही.

काडी, राखुंडी आणि दातकोरणे

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची जाण नव्हती असे मुळीच नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त वड, खैर, करंज इत्यादींची, करंगळीच्या अग्राएवढी जाड आणि बारा अंगुळे लांब काडी चावून, तिचे टोक मऊ करून दात घासावेत असे सांगितले आहे, आणि ते हिरडीला इजा न होईल अशा बेताने, अशी सूचनाही तेथेच दिली आहे. कडुनिंब आणि बाभळीच्या काड्या तर आपल्या भागात आजही वापरल्या जातात. जुन्या घरांतून दातकोरणे व कानकोरणे यांची चांदीची जोडी सापडते. म्हणजे फट साफ करावी लागते हे आपल्याला ठाऊक होते.

तथापि मऊ केलेली काडी ही शेवटी ब्रशच. ती फटीत शिरत नाही. दातकोरण्याने अडकलेला ज्वारीचा कोंडा, मटणाचा धागा किंवा संत्र्याचा रेषा निघतो, पण दाताच्या बाजूवर चिकटलेला जिवाणूंचा थर तसाच राहतो. दिसते ते अन्न काढणे आणि न दिसणारा थर पुसणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आता तर चांदीच्या दातकोरण्याची जागा आगपेटीच्या काडीने, टाचणीने आणि पेनाच्या टोपणाने घेतली आहे. खानावळीतून बाहेर पडताना टाचणीने दात कोरणारे मित्र रोज दिसतात. टाचणीने हिरडी टोचली जाते, जखम होते. आगपेटीची काडी मोडून तिचा तुकडा आत राहतो. राखुंडी आणि विटकरीची पूड दातांचे कवच झिजवते. मिश्री आणि गुडाखू यांत तर तंबाखूच असतो. त्याने दात साफ होत नाहीत, फक्त व्यसन जडते.

दोऱ्याची कुळकथा

या अडचणीवर दोऱ्याचा उपाय सांगितला तो अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पीअर पार्म्ली यांनी. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मेण लावलेला रेशमी धागा दातांच्या मधून फिरवावा असे लिहिले. १८८२ साली एका अमेरिकन कंपनीने बिनमेणाचा रेशमी दोरा बाजारात आणला आणि १८९८ साली जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने त्याचे पेटंट घेतले. १९४० च्या दशकात चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांनी रेशमाऐवजी नायलॉनचा धागा वापरून पाहिला. तो रेशमापेक्षा कमी तुटे, आणि सर्वत्र एकसारखा असे. तेव्हापासून फ्लॉस म्हणून ओळखला जाणारा दोरा मुख्यतः नायलॉनचाच झाला.

येथे वर्ध्याच्या माणसाला एक प्रश्न पडणे साहजिक आहे. आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्या गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. सेवाग्रामच्या सुताने देशाला एक विचार दिला, आणि चरख्यांचा इतिहास सांगणारे मगन संग्रहालय १९३८ पासून वर्ध्यात उभे आहे. मग घरचे सूत किंवा शिवणकामाचा दोरा दातांना का चालू नये?

याचे उत्तर धाग्याच्या लांबीत आहे. कापसाचा एक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. असे आखूड तंतू एकमेकांत धरून ठेवायचे तर त्यांना घट्ट पीळ द्यावा लागतो; पिळाशिवाय सूत होतच नाही. पिळलेले सूत गोल आणि कडक बनते. ते दाताच्या कडेवर तारेसारखे घासते, हिरडीला काचते, आणि घट्ट फटीत ओढले की तुटून त्याचे तुसे आतच राहतात. रेशमाचा किंवा नायलॉनचा तंतू मात्र अखंड, कित्येक मीटर लांब असतो. असे अनेक अखंड तंतू जवळजवळ पिळाविना एकत्र ठेवता येतात. दाताला लावताच ते पसरतात, फितीसारखे चपटे होतात आणि दाताची बाजू पुसून काढतात. म्हणूनच पार्म्ली यांनी सुती नव्हे, तर रेशमी धागा निवडला. सुताचा अभिमान अंगावर वागवावा. दातांत घालू नये.

कोणता दोरा घ्यावा?

औषधांच्या दुकानात गेल्यास चार-पाच प्रकार दिसतात. त्यांतला सर्वांत चांगला कोणता, असे विचारण्यापेक्षा आपल्या फटी कशा आहेत, हे आधी पाहावे.

दात दाटीवाटीने, एकमेकांवर चढलेले असतील तर मेण लावलेला दोरा घ्यावा. तो सहज सरकतो आणि कमी विसकटतो. टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा एकतंतू चपटा दोराही मिळतो. तो अगदी घट्ट फटीतूनही जातो. फटी बेताच्या असतील तर मेणाचा किंवा बिनमेणाचा, कोणताही चालतो. दोन्हींच्या कामात महत्त्वाचा फरक आढळलेला नाही. पुदिन्याचा वास केवळ जिभेच्या हौसेसाठी असतो.

दातांवर तार बसवलेली असेल किंवा पूल बसवून कायमचे दात लावलेले असतील तर एक टोक कडक आणि मधला भाग स्पंजासारखा फुगीर असलेला दोरा मिळतो. सुईत ओवल्यासारखे कडक टोक तारेखालून घालून तो ओढून घेता येतो.

फटी रुंद झाल्या असतील, हिरडी खाली सरकून दातांमध्ये काळे त्रिकोण दिसू लागले असतील, तर दोरा पुरेसा नाही. अशा ठिकाणी फटीत घालायचा, बाटली धुण्याच्या ब्रशाच्या आकाराचा इवलासा ब्रश घ्यावा. तो जाड-बारीक अशा अनेक मापांत मिळतो. फटीत अलगद पण किंचित घासून जाईल असे माप निवडावे. जोर करून कोंबावा लागेल ते माप मोठे. आपल्या घरातील चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना बहुधा याचाच अधिक उपयोग होईल.

ज्यांना बोटांनी दोरा धरणे जमत नाही, त्यांच्यासाठी लहान मुठीला दोरा ताणून बसवलेला प्रकार असतो. अजिबात न करण्यापेक्षा तो बरा. पण त्यातला दोरा ताठ असल्याने दाताभोवती नीट वळत नाही, आणि एकच तुकडा सर्व फटींतून फिरतो.

खर्चाचा हिशेबही करू. ५० मीटरचे एक रीळ घेतले आणि रोज ४५ सेंटिमीटर वापरले, तर ते सुमारे १११ दिवस पुरते, म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक.

दोरा कसा फिरवावा?

दोरा विकत घेणे सोपे, वापरणे थोडे कठीण. सायकलसारखेच हे हाताला शिकवावे लागते. पहिले चार-सहा दिवस आरशासमोर करावे.

साबणाने हात धुवून सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा तोडावा. माप आठवत नसेल तर आपला जुना ‘हात’ वापरावा: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच भरते. दोऱ्याचा बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला आणि थोडासा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळावा. मध्ये तीन-चार सेंटिमीटर दोरा ताणून धरावा. वरच्या दातांसाठी अंगठे आणि खालच्या दातांसाठी तर्जन्या वापराव्यात.

दोरा दोन दातांच्या टेकलेल्या जागेतून आत घालताना करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत उतरवावा. झटक्याने खाली दाबू नये. दाबला की तो एकदम हिरडीवर आपटतो आणि तिला कापतो. “फ्लॉसने हिरडी फाटते” ही तक्रार बहुधा या झटक्यामुळे येते.

आत गेल्यावर खरे काम सुरू होते. दोरा एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवावा, म्हणजे अर्धचंद्राचा आकार होतो. मग तो दाताला चिकटवून, विरोध जाणवेपर्यंत हळूच हिरडीच्या कडेखाली सरकवावा आणि तेथून वर-खाली असा चार-पाच वेळा फिरवावा. लक्षात ठेवावे, आडवा नव्हे, वर-खाली. मग बाहेर न काढता त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला तसाच वळसा घालून पुन्हा वर-खाली करावा. एका फटीला दोन भिंती असतात; एकच भिंत पुसून निघून जाणारे पुष्कळ आहेत.

पुढच्या फटीसाठी बोटावरून दोरा थोडा सोडून स्वच्छ भाग घ्यावा. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू विसरू नये. तिला शेजारी नसला तरी घाण असते. सर्व झाल्यावर चूळ भरावी आणि दोरा कचऱ्याच्या डब्यात टाकावा. मोरीत टाकल्यास मोरी तुंबते. सवय झाल्यावर या सगळ्याला चार-पाच मिनिटे लागतात. ब्रशाच्या आधी करावे की नंतर, यावर फार वाद घालू नये. रात्री झोपण्यापूर्वी एकदा झाले म्हणजे पुरे.

पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नये. सूज असलेल्या जागीच ते येते, आणि ऑर्हूसच्या विद्यार्थ्यांप्रमाणे आठ-दहा दिवसांत ते कमी होत जाते. दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबले नाही, तर आत कीटण आहे किंवा दुसरे कारण आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे.

खरोखर उपयोग होतो का?

कला शाखेचे असलो तरी पुराव्याचा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. २०१६ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला की, फ्लॉसच्या फायद्याचा भक्कम पुरावाच नाही. त्यात तथ्य होते. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ साली १२ प्रयोग तपासले. ब्रशाबरोबर दोरा वापरणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज काहीशी कमी होते, एवढेच तिला म्हणता आले. २०१९ साली तिने ३५ प्रयोगांचा, ३,९२९ प्रौढांचा आढावा घेतला. दोरा किंवा फटीतला ब्रश वापरल्याने निव्वळ ब्रशापेक्षा हिरड्यांना अधिक फायदा होऊ शकतो, आणि फटीतला ब्रश दोऱ्यापेक्षा काकणभर सरस असू शकतो, असा तिचा निष्कर्ष होता. मात्र हे पुरावे फारसे पक्के नाहीत, हेही तिने स्पष्ट सांगितले.

पुरावा इतका दुबळा का? एक कारण मुलांवरच्या प्रयोगांतून कळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, जाणत्या व्यक्तीने शाळेच्या दिवसांत सुमारे पावणेदोन वर्षे मुलांच्या दातांतून दोरा फिरवला, तेव्हा फटीतील कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. कुमारवयीन मुलांनी स्वतःच्या हाताने फिरवला, तेव्हा फायदा दिसला नाही. दोरा तोच, हात वेगळा. दोऱ्यात जादू नाही. तो खरोखर दाताच्या भिंतीला लागला आणि रोज लागला, तरच काम होते. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पदवी कदाचित मिळेल, पण दंतवैद्याकडे जाण्याच्या आदल्या रात्री दोरा फिरवून हिरडी बरी होत नाही.

खर्ऱ्यापुढे दोरा हरतो

विदर्भात राहून दातांवर लिहायचे आणि खर्ऱ्याबद्दल मौन पाळायचे, हा अप्रामाणिकपणा होईल. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करून देणे काही थांबलेले नाही. महाविद्यालयाच्या फाटकापासून तो फार लांब नसतो. हिरडी आणि गाल यांच्यामध्ये तो तासन्‌तास ठेवला की तेथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक दोऱ्यांसारखी होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. ज्याच्या तोंडात आपली तीन बोटे उभी जात नाहीत, त्याने ताबडतोब दाखवावे. ही अवस्था कर्करोगाच्या वाटेवरची असू शकते. तोंडच उघडत नसेल तर दोरा घालायचा कोठून? आणखी एक फसवी गोष्ट अशी की, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे आजार आत वाढत असूनही धोक्याची खूण दिसत नाही. आठवडाभराच्या खर्ऱ्याच्या पैशात दोऱ्याचे एक रीळ येते, हा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

दवाखान्यात केव्हा जावे?

कीटण दिसत असेल, दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल, तर घरचा उपाय पुरे नाही. आपल्या जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथे १९९१ पासून दंत महाविद्यालय आहे. त्यामुळे दंतवैद्य शोधायला नागपूरपर्यंत जाण्याची गरज नाही. दवाखान्यात कीटण काढतात त्याला स्केलिंग म्हणतात. त्याने दात सैल होतात अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाने ती पोकळी भरून काढलेली असते. कीटण निघाले की खरी स्थिती उघडी पडते, एवढेच.

घरात कोणाला मधुमेह असेल तर अधिक काळजी घ्यावी. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज रक्तातली साखर आवरणे कठीण करते; हे दुहेरी नाते आहे. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, म्हणून त्या काळात स्वच्छता सोडायची नसते, वाढवायची असते.

शेवटी एकच सांगायचे आहे. सगळ्या २६ फटी पहिल्याच रात्री साफ करण्याचा संकल्प करू नये. असे संकल्प आपण जानेवारीत पुष्कळ करतो. ज्या एका फटीतून रक्त येते, तेवढीच आज रात्री दोऱ्याने दोन्ही बाजूंनी पुसावी. उद्या पुन्हा तीच, आणि तिच्या शेजारची. आठ-दहा दिवसांनी ती हिरडी स्वतःच साक्ष देईल. मग सुट्टीत गावी जाताना पिशवीत एक रीळ आणि फटीतला एक लहान ब्रश अवश्य न्यावा, आणि “वय झालं” म्हणणाऱ्या आपल्या माणसाजवळ आरसा घेऊन बसावे. पदवीचा कागद हाती पडायला अजून अवकाश आहे. हा उपयोग आजच करता येण्यासारखा आहे.